थंडीतला प्रवास, मुले आणि मोटार

(नभोवाणीवरील भाषण)

सुरतेत बसून हिवाळ्यातील मोटारप्रवासाविषयी कोणी बोलू लागला, तर ऐकणाऱ्याला हसू यावे हे साहजिक आहे. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पोंकाचा हंगाम, उंधियूचा हंगाम आणि संक्रांतीच्या पतंगांचा हंगाम. रात्री पारा चौदा-पंधरा अंशांवर उतरला की कानटोप्या पेटीतून बाहेर निघतात, आणि दुपारी त्याच मंडळींना पंखा लागतो. बर्फ आम्ही पाहतो तो गोळ्यापुरता. तेव्हा रस्त्यावर हिम साचले असता चाके कशी घसरतात, हा काही आमचा प्रश्न नव्हे.

पण आमचाही एक हिवाळा आहे, आणि तो या शहराच्या बाहेर पडल्यावर भेटतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, नवागाम, डिंडोली या भागांत मराठी घरे किती आहेत, हे सुरतकरांना सांगावयास नको. त्यांतील बहुतेकांची मुळे खानदेशात. मागावर काम करण्यासाठी म्हणून कोणाचे आजोबा, कोणाचे वडील ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसून इकडे आले आणि येथेच राहिले. गाव मात्र सुटले नाही. दिवाळीची सुटी लागली की गावाकडे, तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईसाठी गावाकडे. पूर्वी हा प्रवास आगगाडीने वा एस. टी.ने होई, आता दारात मोटार असते. मग रात्री जेवणे उरकून किंवा पहाटे चारला उठून, मुलांना झोपेतच उचलून गाडीत घालायचे, आणि बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करीत कोंडाईबारीच्या घाटाने धुळ्याकडे निघायचे, असा परिपाठ पडला आहे. हा राष्ट्रीय महामार्ग आज ५३ क्रमांकाचा आहे. जुनी माणसे अजूनही त्याला सहा नंबरचाच रस्ता म्हणतात.

या रस्त्याचा हिवाळा दोन गोष्टींनी बनलेला आहे. पहिली म्हणजे धुके. उकाई आणि काक्रापारच्या कालव्यांनी हा सारा मुलूख ओलिताखाली आणला. आकाश निरभ्र असले, वारा पडला, की ओल्या शेतांवरून पहाटे धुके उठते आणि सखल जागी रस्त्यावर येऊन बसते. ते सर्वत्र सारखे नसते, हीच त्यातली मेख. दोन किलोमीटर स्वच्छ रस्ता, आणि एकाएकी पांढरी भिंत. दुसरी गोष्ट म्हणजे ऊस. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५५ साली स्थापन झाला. त्याच्या आसपास पुढे आणखी कारखाने उभे राहिले. त्यांचा गाळपाचा हंगाम नेमका हिवाळ्यातच. दिवसरात्र उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. भार दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असला तर उसाच्या वाढ्याआड झाकलेला, आणि चाक बसले की ट्रॉली तेथेच, रस्त्याच्या कडेला, अंधारात उभी. त्या उसावर बसून जाणारे तोडणी कामगार पुष्कळदा आमच्याच खानदेशातून, डांगातून आलेले असतात, हे आठवले म्हणजे त्या ट्रॉल्यांवर नुसते रागावणेही जमत नाही.

चार वर्षांपूर्वी अशाच एका डिसेंबरात आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. मुलगा गाडी चालवीत होता. गाडी जुनी, लहान, एअरबॅगची सोय नसलेली. पण तिने आमची कधी अडचण केली नव्हती. मी आणि सूनबाई मागे. आमच्या सौभाग्यवती पुढच्या आसनावर, आणि त्यांच्या मांडीवर दोन वर्षांची नात. पुढे बसले म्हणजे पोरीला मळमळत नाही, हे त्यांचे कारण. आणि आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही, हा आम्हां सर्वांचाच न बोललेला समज. व्यारा मागे पडला, उजाडायला अवकाश होता, आणि आम्ही त्या पांढऱ्या भिंतीत शिरलो. ट्रॉली दिसली तेव्हा ती फार तर तीस-पस्तीस मीटरांवर होती. मुलाने ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबली, पण पुरती थांबली नाही. शेवटी तिचा वेग ताशी वीस किलोमीटर असेल-नसेल, तेवढ्याने ती ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीवर आदळली. कोणाला फारसे लागले नाही. नातीच्या कपाळाला मात्र समोरची फळी लागली आणि चार टाके पडले. आजीच्या हातांतून ती कशी निसटली हे आजीला आजतागायत उमगलेले नाही. “अहो, मी घट्ट धरलं होतं हो तिला,” हे वाक्य त्यांनी त्या दिवशी कितीदा म्हटले असेल, आणि त्यानंतरही मधूनमधून काही कारण नसता म्हटले आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले. त्यामुळे मला या वाक्याचे उत्तर ठाऊक होते, आणि ते देण्याची हिंमत होत नव्हती. आज ते येथे मांडतो.

ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरांहून थोडे अधिक. टक्कर झाली म्हणजे गाडी ढोबळमानाने एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. बारा किलो वजनाचे मूल तेवढ्या अवधीत थांबवून धरायचे, तर हातांवर सुमारे ६८ किलोंचा ओढा बसतो. साखरेचे पोते ५० किलोंचे असते. पोत्याहून जड वस्तू, क्षणार्धात, पूर्वसूचना न देता, बसल्या जागी, दोन हातांत झेलायची! आणि हा हिशेब वीसच्या वेगाचा. पन्नासच्या वेगाला तोच ओढा १७० किलोंपर्यंत जातो. पन्नासच्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून, खाली पडण्यासारखे आहे. सज्जाच्या कठड्याबाहेर मूल धरून उभे राहण्याचे धाडस कोणतीही आजी करणार नाही. मोटारीत मात्र आपण सारे ते हसतमुखाने करतो. धरणाऱ्याच्या मायेत काही कमी नसते. हात त्या कामासाठी घडविलेलेच नाहीत.

याहून वाईट एक प्रकार आहे. मोठ्या माणसाने आपल्या पट्ट्यातच मुलाला गुंतवून घेणे. टक्कर झाली की मोठ्या माणसाचे सारे वजन पट्टा आणि मूल यांच्यावर येते. आणि पुढच्या आसनावर एअरबॅग असेल, तर मांडीवरचे मूल आणि ती पिशवी यांच्यामध्ये काहीच अंतर उरत नाही. ती पिशवी ताशी तीनशे किलोमीटरांच्या आसपासच्या वेगाने फुगते. ती प्रौढ माणसाच्या छातीसाठी असते, बाळाच्या डोक्यासाठी नव्हे.

गेल्या वर्षी घरात दुसरे नातवंड आले, आणि नवी मोटार घेण्याचे ठरले. मग मी या विषयाचा अभ्यास करू लागलो. उशिराने केला, हे कबूल करतो.

आपल्याकडे मोटार निवडताना विचार होतो तो पेट्रोलला किती जाते याचा, विकताना किती येतील याचा, आणि शेजाऱ्याने कोणती घेतली याचा. गाडी आदळल्यावर आतल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. ती पाडली २०१४ सालच्या काही चाचण्यांनी. ग्लोबल एनकॅप या संस्थेने त्या वर्षी भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय लहान मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला असे यश प्रथमच मिळत होते, आणि वर्तमानपत्रांनी ते योग्य आनंदाने छापले. पण एक गोष्ट त्या आनंदात मागे राहिली. ते पाच तारे प्रौढांसाठी होते. त्याच चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेला तीनच तारे मिळाले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच नावाच्या नव्या गाडीने दोन्ही बाजूंनी पाच मिळविले. म्हणजे नाव तेच, पण साल कोणते आणि तारे कोणाचे, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही चाचणीपद्धती सुरू झाली आहे. तिच्यात प्रौढांसाठी ३२ गुण आणि मुलांसाठी ४९ गुण निराळे ठेवलेले आहेत. दीड वर्षाचे आणि तीन वर्षांचे मूल असावे अशा मापाच्या बाहुल्या मागच्या आसनांवर बसवून गाडी आदळवितात. पण ही चाचणी ऐच्छिक आहे. प्रत्येक गाडीची झालेली असतेच असे नाही. विक्रेता पाच तारे म्हणाला की मुलांचे गुण किती, हे त्याला विचारावे. त्याला ठाऊक नसले तर प्रसिद्ध झालेला अहवाल आपण स्वतः पाहावा. पाहण्यास पैसे पडत नाहीत.

आम्ही अशा दुकानांच्या चार-पाच फेऱ्या केल्या. प्रत्येक ठिकाणी तरुण विक्रेता मोठ्या अदबीने प्रथम छपराची काच उघडून दाखवी. आमच्या सहा वर्षांच्या नातीने ती पाहिली आणि गाडी तेथेच पसंत केली. मुलांना त्या काचेतून डोके बाहेर काढून उभे राहण्याचा मोह होतो, आणि आईबापांना त्यांचे छायाचित्र काढण्याचा. सुरतेत तरी निदान संक्रांतीच्या दिवसांत हे करू नये. नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि पुलावर आडवा आलेला एक धागा काय करतो हे या शहराने पुष्कळदा पाहिले आहे. संक्रांतीचे दिवस सोडले, तरी अचानक ब्रेक लागल्यास उभे असलेले मूल कोठे जाईल, याचा हिशेब मी मघाशी केलाच आहे.

छप्पर पाहून झाल्यावर मी विचारी, “मुलाचे आसन अडकविण्याची कडी कोठे आहे?” एका तरुणाला ती सापडेना. मागच्या आसनाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटे घालून शेवटी आमच्या सूनबाईंनीच ती दाखविली. तिला आयसोफिक्स म्हणतात. पोलादी सांगाड्याला जोडलेल्या दोन लहान कड्या असतात. मुलांचे खास आसन त्यांत खटका वाजेपर्यंत बसवायचे. पट्ट्याने बांधूनही आसन नीट बसते, पण त्यात चुकण्यास जागा फार. या कड्या मागच्या दोन्ही बाजूंना आहेत काय, हे स्वतः बोटांनी चाचपून पाहावे. आणि तसेच आणखी एक करावे, ते असे की मुलाचे आसन आधी विकत घेऊन किंवा कोणाचे मागून ते दुकानात न्यावे आणि गाडीत बसवून पाहावे. विक्रेते चकित होतात, पण नाही म्हणत नाहीत.

बाळासाठी जे आसन घ्यायचे ते मागे तोंड करून बसविण्याचे असते. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड पुढे असेल तर टक्कर होताच डोके पुढे झेपावते. पाठ पुढे असेल तर सारा धक्का पाठीच्या रुंद भागावर वाटला जातो. नव्या युरोपीय नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत मूल असेच बसवावे लागते; शक्य असेल तेथे त्यापुढेही बसवावे, असे जाणकार सांगतात. हे आसन पुढे, चालू एअरबॅगच्या समोर, कधीही ठेवायचे नाही. थोडे मोठे झाले की तोंड पुढे करून पाच पट्ट्यांचे आसन, आणि मग उंची वाढवणारी बैठक, म्हणजे मोठ्यांचा पट्टा मानेवर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता कमरेच्या हाडावरून जातो. आमची नात आता त्या बैठकीवर बसते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य आसन नसेल तर एक हजार रुपये दंड ठेवला आहे. पण या दंडाची पावती फाडलेली मी अद्याप पाहिली नाही.

आता थंडीची गोष्ट. माझी भाची कॅनडात, क्वेबेक प्रांतात असते. तिकडे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळ्याचे निराळे टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे. सात अंशांखाली साधे रबर कडक होते आणि रस्ता धरीत नाही. आपल्याला त्या टायरांचे काम नाही. बर्फ पाहायला मनालीला किंवा काश्मीरला गेलात, तर तेथे तेथल्याच चालकाची गाडी घ्यावी, एवढेच मी सांगेन. पण तिने एक गोष्ट सांगितली, ती सुरतेपासून साक्रीपर्यंत सगळीकडे लागू आहे. मुलाला जाड स्वेटर, वर जाकीट, वर शाल असे गाठोडे करून आसनात बसवायचे नाही. पट्टा घट्ट वाटतो खरा, पण तो कापसावर घट्ट असतो. टक्कर झाली की कापूस दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटते. पातळ कपड्यांवर पट्टा आवळावा, खांद्याजवळ चिमटीत धरता येणार नाही इतका, आणि मग वरून गोधडी घालावी. आजीने शिवलेली गोधडी पट्ट्याच्या वर. हा क्रम आमच्या घरी लवकर पटला, कारण त्यात गोधडीला जागा होती.

मोठ्यांच्या पट्ट्याविषयी बोलायचे तर मागच्या आसनाविषयीच बोलावे लागेल. खांदा आणि कंबर दोन्ही बांधणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलीन या अभियंत्याने १९५९ साली तयार केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. त्याला साठ वर्षे उलटून गेली तरी मागे बसलेल्या माणसाने पट्टा लावणे आपल्याला भित्रेपणाचे वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईस परतत असता पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. सुरतेहून मुंबईस जाणारा हा आमचा रोजचाच रस्ता. गाडी मोठी आणि नामांकित होती. पुढे बसलेली दोघे जखमी होऊन वाचली. मागे बसलेली दोघे दगावली, आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्यावर, किंवा शेजारच्या मुलावर, आपल्या सगळ्या वजनानिशी जाऊन पडतो, हे यात आणखी धरावे. आणि पट्ट्याची सूचना वाजू नये म्हणून खाचेत अडकविण्याची नुसती धातूची पट्टी बाजारात मिळत असे! २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काही मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकण्यास मनाई केली. कोणाच्या गाडीत ती अजून असेल तर आज घरी जाऊन फेकून द्यावी.

या पट्ट्यावरूनच आमच्या निवडीचा निकाल लागला. मागे दोन मुलांची दोन आसने, आणि त्यांच्यामध्ये आजी. कारण पुढे बसण्याचे नाव सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून काढलेले नाही, आणि मुलांना सोडून बसण्यासही त्या तयार नाहीत. तेव्हा मधल्या जागेला नुसता कमरेचा नव्हे, तीन टोकांचा पट्टा हवा, आणि दोन आसने बसवून त्यांच्यामध्ये एक प्रौढ माणूस मावेल इतकी रुंदी हवी. मी शिवणकामाची टेप खिशात घालून हिंडलो. दोन गाड्या, बाहेरून भल्याथोरल्या दिसणाऱ्या, या एकाच कसोटीवर बाद झाल्या. जी घेतली तिचे नाव सांगत नाही. तुमच्या घरात आजी किती आणि मुले किती, यावर तुमची गाडी ठरेल.

उरलेल्या गोष्टींपैकी बाजूच्या आणि पडद्यासारख्या एअरबॅगा आणि घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, या दोन्हींसाठी पैसे मोजावेत. कोंडाईबारीच्या वळणांवर दुसरीचा उपयोग विशेष. बाजूच्या एअरबॅगा पुष्कळ गाड्यांत आसनाच्या कडेतूनच फुगतात. सुरतेत कापड मुबलक, त्यामुळे गाडी घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला जाड खोळी शिवण्याची आमची रीत आहे. त्या खोळीने पिशवीची वाट बंद होते. आम्ही खोळी शिवल्या नाहीत. आसनांवर दूध सांडले आहे, बिस्किटांचा चुरा आहे, असू दे.

धुक्यासाठी खाली बसविलेले दिवे आणि मागचा लाल धुके-दिवा असेल तर उत्तम. मोठा झोत धुक्यात लावू नये. तो पांढऱ्या भिंतीवर पडून आपल्याच डोळ्यांत परत येतो. चारही इशारादिवे लावून चालत राहणे हीसुद्धा चूक आहे, कारण मागच्याला आपण थांबलो आहो की वळतो आहो हे कळत नाही. पहाटे पाच माणसांच्या श्वासांनी काच आतून धूसर होते. तेव्हा थंडी वाजत असली तरी वातानुकूलन सुरू करावे आणि बाहेरची हवा आत घ्यावी, काच लगेच स्वच्छ होते. मागच्या काचेला तापविण्याच्या तारा आहेत काय, हे घेतानाच पाहावे. टायरातील हवा थंडीत उतरते, म्हणून ती सकाळी, गाडी थंड असताना, मोजावी. वाटेत थांबून काचा बंद, यंत्र सुरू, असे मुलांना गाडीत झोपवू नये. गळक्या धुरातला विषारी वायू आत आला तर त्याला वास नसतो. नव्या गाड्यांत समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारे डोळेही असतात. ते चांगले आहेत, पण दाट धुक्यात त्यांनाही दिसेनासे होऊ शकते.

धुक्यात वेग किती असावा? ताशी ऐंशीच्या वेगाला, भान येऊन ब्रेक दाबून गाडी थांबेपर्यंत सुमारे सत्तर मीटर जातात, साठला पंचेचाळीस, चाळीसला पंचवीस-सव्वीस. समोर पन्नास मीटरच दिसत असेल तर ऐंशीच्या वेगाची कोणतीही गाडी, तिला कितीही तारे असोत, त्या ट्रॉलीपर्यंत पोहोचणारच.

नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते, हे मी जाणतो. मागावर काम करणाऱ्या कुटुंबाने चार-पाच वर्षे पैसे साठवून जुनी गाडी घेतली, तर तिला नाव ठेवणारा मी कोण? तिच्याही मागच्या पट्ट्यांची खेचून परीक्षा करावी. एप्रिल २०१९ नंतर विकलेल्या गाडीत चाके जखडू न देणारे ब्रेक आणि जानेवारी २०२२ नंतर बनलेल्या गाडीत पुढच्या दोन्ही एअरबॅगा कायद्यानेच आहेत. तेव्हा घासाघीस करताना रंग आणि खोळींपेक्षा सालाकडे पाहावे. मुलाचे आसन काही हजार रुपयांत येते, जुन्या गाडीतही पट्ट्याने बसते, आणि गाडी बदलली तरी आपलेच राहते. आमच्या त्या जुन्या गाडीतही ते बसले असते. चार वर्षांपूर्वी मी ते घेतले नाही, एवढेच.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा लग्न होते. मुलाने पहाटे चारला निघण्याचा बेत केला, सूनबाई म्हणाल्या, “नाना, ऊन पडल्यावर निघू.” साडेआठला निघालो. वराकडची मंडळी रुसली, हळदीला आम्ही पोहोचू शकलो नाही. बारडोलीपर्यंत धुके विरले होते, आणि उसाच्या ट्रॉल्या दूरवरून दिसत होत्या. नातू आसनात बसविल्यापासून रडत होता. “अहो, थोडा वेळ घेते ना मांडीवर, गळा सुकला त्याचा,” असे सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या. मुलाने काही उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. मग त्यांनी आपला पट्टा न सोडताच एक हात त्याच्या पायावर ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणू लागल्या. व्यारा येण्यापूर्वी तो झोपला. त्या जागेवरून गाडी गेली तेव्हा कोणीच काही बोलले नाही, फक्त नातीने आजीला विचारले, “माझं कपाळ इथंच लागलं होतं ना?”